सुरांचे मुखपृष्ठ : नगरच्या रागमालेपासून कॅसेटच्या कव्हरापर्यंत

आमच्या पिढीने गाणे आधी डोळ्यांनी ऐकले आणि मग कानांनी. आजच्या मुलांना हे वाक्य विचित्र वाटेल. पण ज्यांचे बालपण नगरच्या झेंडीगेट, कापडबाजार, माळीवाडा या भागांत गेले त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. उरुसाच्या दिवसांत दर्ग्याबाहेर मलिद्याच्या आणि बांगड्यांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागत. आमच्या खिशात पैसे नसत आणि न घेणाऱ्या पोरांना कॅसेट वाजवून दाखवायला दुकानदार मोकळा नसे. मग आम्ही नुसती कव्हरे बघत उभे राहायचो. हिरवा घुमट, मागे चंद्रकोर आणि कोपऱ्यात कव्वालाचा गोल फोटो दिसला की आत नात किंवा मनकबत आहे हे कळायचे. दोन फोटो समोरासमोर आणि मध्ये विजेची रेघ असली की दोन पार्ट्यांचा मुकाबला. जळती शमा आणि गुलाब म्हणजे गझल. बहुतेक वेळा आमचा अंदाज खरा ठरायचा.

सुराला रूप नसते. तो दिसत नाही, हातात धरता येत नाही, आणि संपला की कुठे गेला ते सांगता येत नाही. तरीही माणसाला त्याचे चित्र काढावेसे वाटते. चित्र बघून आत कोणता मिजाज आहे ते ओळखावेसे वाटते. ही हौस कॅसेटबरोबर आली, रेकॉर्डबरोबर आली, असे आपण समजतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पुढे निजामशाहीच्या चित्रांचा थोडा अभ्यास करण्याचा योग आला आणि ध्यानात आले की, गाण्याच्या मिजाजाला रंगात उतरवण्याचे काम आमच्याच शहराच्या नावाशी जोडलेल्या चित्रकारांनी चारशे वर्षांपूर्वी केले होते. ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. शाळेत आम्ही निजामशाहीच्या लढाया पाठ केल्या, तहांची कलमे पाठ केली. तिच्या रंगांबद्दल मात्र एक ओळही वाचली नाही.

हिंदोल आणि पटहंसिका

मलिक अहमदने 1490 साली निजामशाहीची स्थापना केली आणि पुढे सीना नदीकाठी आपले शहर वसवले. हे राज्य 1636 पर्यंत कसेबसे टिकले. त्याच्या उत्तरार्धातली, साधारण 1590 ते 1595 या काळातली मानली जाणारी काही रागमाला चित्रे आज उपलब्ध आहेत. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिंदोल रागाचे चित्र आहे. हिंदोलाच्याच परिवारातली पटहंसिका रागिणीही या गटात आहे. गटातली काही पाने बिकानेरच्या राजसंग्रहातून बाहेर आली. कोणी ती अहमदनगरची म्हणतात, कोणी नुसती उत्तर दख्खनची म्हणतात, तर कोणी विजापूरकडे बोट दाखवतात. त्यांवर चित्रकाराची सही नाही. तरी संग्रहालयांच्या पाट्यांवर आणि कलाशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यापुढे अहमदनगरचे नाव वारंवार येते.

रागमाला म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या संगीतशास्त्रकारांनी रागांना माणसांसारखे कुटुंब दिले. एका प्रसिद्ध मतानुसार भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा राग. प्रत्येकाच्या पाच रागिण्या. पुढे मुले आणि सुनासुद्धा. प्रत्येकाचा ऋतू ठरला, प्रहर ठरला, स्वभाव ठरला. मग त्या स्वभावाचे वर्णन करणारे ध्यानश्लोक रचले गेले आणि त्या श्लोकांवरून चित्रे निघाली. हिंदोल हा वसंताचा राग, म्हणून झोपाळ्यावर बसलेला नायक आणि त्याला झोके देणाऱ्या, वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया. मेघ म्हटला की काळे ढग, बगळे, नाचणारे मोर. तोडी म्हटली की हातात वीणा घेतलेली एकटी स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणे.

या शास्त्राचा एक मोठा पंडित त्याच काळात आमच्या उत्तरेला, खानदेशात होता. पुंडरीक विठ्ठल हा मूळचा कर्नाटकाकडचा ब्राह्मण. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या बुऱ्हानखानाच्या आश्रयाला राहून त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे राजपूत सरदारांच्या आश्रयाला गेल्यावर रागांची पुरुष, स्त्रिया आणि पुत्र अशी मांडणी त्याने केली आणि इराणी रागांचीही दखल घेतली. मुसलमान राजपुरुषाच्या पदरी संस्कृत पंडित आणि त्या पंडिताच्या पोथीत इराणी सूर! याला आज आपण ‘गंगा-जमनी’ वगैरे मोठी नावे देतो. त्या माणसांना ते नाव ठाऊक नव्हते. त्यांना फक्त गाणे नीट समजून घ्यायचे होते.

पटहंसिकेचे चित्र याच वातावरणातले आहे. वर देवनागरी अक्षरे आहेत. घुमटाच्या इमारतीपाशी स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या एकीच्या हाती वीणेसारखे वाद्य आहे. डाव्या कोपऱ्यात खाली एक हत्ती सोंड वर करून स्वागत करतो आहे. चेहरे एका बाजूने दाखवलेले, डोळे कमळाच्या पाकळीसारखे लांब. पण चित्राची खरी ताकद रंगात आहे. तांबडा आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग चित्रकाराने इतके जवळ ठेवले आहेत की नजर एका जागी स्थिर राहत नाही, डुलत राहते. झोपाळ्याच्या परिवारातल्या रागिणीला याहून योग्य काय असणार!

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रागमालेचा चित्रकार समोर गवई बसवून राग ऐकत चित्र काढत होता असे समजण्याचे कारण नाही. तो श्लोकावरून काढत होता, जुन्या नमुन्यावरून काढत होता. चित्र बघून कोणाला हिंदोलाचे आरोह-अवरोह सांगता येणार नाहीत. ते स्वरलिपीचे काम आहे. ऐकण्याआधी मनाची जी तयारी लागते ती चित्र करते. आता वसंत आहे, आता झोपाळा आहे, आता मनाला थोडे सैल सोडा, एवढेच ते सांगते. कॅसेटचे कव्हर आम्हाला हेच सांगत होते. जळत्या शमेवरून गझलेची चाल कळत नव्हती. पण आवाज न करता बसून ऐकायचे आहे, हे कळत होते.

चित्रातून पुसलेली राणी

निजामशाहीच्या चित्रांची गोष्ट इथे थांबत नाही. रागमालेच्या आधी तीसेक वर्षांपूर्वीचे एक हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफताबी नावाच्या कवीने फारसीत लिहिलेले ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. पहिला हुसेन निजामशाह हा 1553 ते 1565 या काळातला सुलतान. 1565 च्या तालीकोटच्या लढाईतला विजय हा या काव्याचा मोठा विषय. त्यात बारा चित्रे आज उरली आहेत. लढाईची चित्रे चारचौघींसारखी आहेत. सुलतान आणि त्याची राणी खुंजा हुमायून यांची चित्रे मात्र बघत राहावीत अशी. सोनेरी आभाळ इराणी पद्धतीचे, स्त्रियांची चोळी आणि लांब गोंडेदार वेणी उत्तरेकडची, आणि कमरेखालून अंगाभोवती घेतलेला शेला थेट दक्षिणेचा, लेपाक्षीच्या भित्तिचित्रांत दिसतो तसा. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो, हा आपल्या संस्कृत काव्यातला जुना दोहदाचा संकेत फारसी काव्याच्या पानावर येऊन बसला आहे.

हुसेनशाह लढाईनंतर त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून राज्याची सूत्रे खुंजा हुमायूनने हाती घेतली. चार वर्षे तिने कारभार पाहिला. 1569 मध्ये मुलाने आईला कैद केले. आणि तिच्याबरोबर चित्रांनाही शिक्षा झाली. या हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती कोणीतरी रंग फासून झाकून टाकली. सुलतान सिंहासनावर बसलेला आहे, सेवक उभे आहेत, आणि त्याच्या शेजारी, जिथे ती बसली होती तिथे, एक डाग आहे.

तो डाग आम्हाला विसरता येत नाही. मिजाज रंगवणारा हात आणि मिजाज पुसणारा हात एकाच दरबारातले होते, हे त्यावरून कळते. चित्रात कोणी दिसायचे आणि कोणी नाही, हे नेहमी चित्रकार ठरवत नाही.

पण इतिहास थोडा मिश्कील असतो. ज्या राणीला पानावरून पुसले तिची मुलगी म्हणजे चांदबीबी. ती विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहला दिली होती. 1580 मध्ये अली मारला गेला, तेव्हा नऊ वर्षांचा पुतण्या दुसरा इब्राहिम गादीवर आला आणि चांदबीबीने त्याच्या नावाने कारभार सांभाळला. तिच्या देखरेखीखाली वाढलेला हा पोर पुढे ‘किताब-ए-नौरस’ लिहिणारा इब्राहिम झाला. दख्खनी भाषेतली, रागवार मांडलेली गीते. त्यांत सरस्वतीचे स्तवन आहे, पैगंबरांचे आहे आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचेही आहे. त्याने आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे नाव दिले होते आणि माणसासारखा त्याचा गौरव केला होता. स्वतः चांदबीबी सतार वाजवी, फुलांची चित्रे काढी, असे परंपरेने सांगतात. ते बाजूला ठेवले तरी एवढे खरे की, आईचा चेहरा नगरच्या पानावरून पुसला गेला आणि लेकीने सांभाळलेल्या मुलाच्या हातून दख्खनच्या संगीताचे एक अजोड पुस्तक झाले. 1595-96 मध्ये नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी सर्वांना ठाऊक आहे. तलवारीबरोबर तिच्या हाताशी हेही होते, हे सांगायला हवे.

1600 साली किल्ला मोगलांकडे गेला. चांदबीबी त्याच वर्षी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. शहराचे वैभव ओसरले आणि चित्रकारांना नवे आश्रय शोधावे लागले. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

सर्वांना एकच पाकीट

आता तीनशे वर्षे ओलांडून पुढे येऊ. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गने गौहरजानचा आवाज मुद्रित केला आणि हिंदुस्थानात गाणे दुकानात विकत मिळू लागले. पण त्या गाण्याला मुखपृष्ठ नव्हते. तव्याला कागदी पाकीट असे. मधोमध गोल भोक, त्यातून तव्यावरचा कागद दिसे. पाकिटावर कंपनीचे नाव, फोनोला आणि सुयांच्या जाहिराती. ख्याल असो, लावणी असो, कीर्तन असो की नात, पाकीट एकच. रागांना कपडे चढवणाऱ्या देशात सर्व राग एकाच गणवेशात आले. करीमखाँसाहेबांची आर्त ठुमरी आणि तमाशातला सवाल-जवाब यांत फरक आहे, हे पाहून कळण्याची सोय राहिली नाही.

जगातही तेच होते. अनेक तवे एकत्र ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी जाड वही करत, म्हणून ‘अल्बम’ हा शब्द आला. तीही वही साधी, करड्या-तपकिरी पुठ्ठ्याची. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण चित्रकार होता. त्याने 1940 च्या सुमारास कंपनीला पटवले की या पुठ्ठ्यावर आतल्या गाण्याला साजेसे चित्र छापावे. मालकांना छपाईचा खर्च परवडेल की नाही अशी धास्ती होती. पण चित्रांची वेष्टने लोकांनी उचलून धरली. 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि बारा इंचांचे चौकोनी वेष्टन हे चित्रकारांचे नवे मैदान झाले. चारशे वर्षांपूर्वीच्या रागमालेचे पान साधारण याच आकारात बसेल, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

आपल्याकडे लाँग प्ले आली तेव्हा ती महाग होती. आमच्यासारख्यांच्या घरात ती क्वचितच दिसे. एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या दिवाणखान्यात कपाटाच्या काचेमागे ती उभी असे. आम्हाला हात लावू देत नसत. लांबून आम्ही बघायचो: तानपुऱ्याला टेकलेला गवई, डोळे मिटलेले, मागे काळोख. चित्र बघूनच आवाज आपोआप खाली यायचा. आज वाटते की हीही एक रागमालाच होती. रात्रीच्या रागाला काळा रंग, ठुमरीला गुलाबी, सकाळच्या रागाला नदीकाठ.

अरणगावचा मौनी आणि लंडनचा गोंगाट

आमच्या जिल्ह्याचा आणि अल्बमच्या मुखपृष्ठाचा दुसरा संबंध तर कोणाला सांगितला तर खोटा वाटेल. नगरहून दौंडच्या रस्त्याने निघाले की काही मैलांवर अरणगाव लागते. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. मेहेरबाबा जन्माने पारशी-इराणी, 1894 साली पुण्यात जन्मलेले. त्यांच्या गुरूंमध्ये पुण्याच्या चारबावडीला निंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान होत्या, शिर्डीचे साईबाबा होते, साकोरीचे उपासनी महाराज होते. एका पारशी मुलाने मुसलमान फकीर स्त्रीकडून आणि हिंदू संन्याशाकडून दीक्षेचे धन घेतले आणि तो नगरजवळच्या माळावर येऊन राहिला. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरले ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, पुढे नुसत्या खुणांनी ते बोलत. त्यांच्या समाधीच्या छताच्या चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्नी यांची चिन्हे आहेत.

ज्या माणसाने चव्वेचाळीस वर्षे शब्द उच्चारला नाही, त्याचा प्रभाव जगातल्या एका अत्यंत कर्कश मानल्या गेलेल्या वाद्यवृंदावर पडला. इंग्लंडमधील ‘द हू’ हा रॉक वाद्यवृंद. त्याचा गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड याला मेहेरबाबांची ओळख 1967 च्या सुमारास करून दिली ती माइक मॅकइनर्नी नावाच्या चित्रकाराने. मे 1969 मध्ये त्यांचा ‘टॉमी’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. एक आंधळा, बहिरा, मुका मुलगा. जग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, फक्त कंपने पोहोचतात. आणि शेवटी तो जागा होतो, अशी त्याची कथा. माणूस आपल्या खऱ्या स्वरूपाला आंधळा-बहिरा आहे, हे त्यामागचे रूपक. अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव ‘अवतार’ म्हणून छापलेले होते. बाबांना जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

या अल्बमचे मुखपृष्ठ मॅकइनर्नीनेच केले. तीन घड्यांत उलगडणारे चित्र. निळ्या-पांढऱ्या ढगांची जाळी, जाळीतून उडणारे पांढरे पक्षी, आजूबाजूला काळी पोकळी आणि त्या पोकळीत शिरणारी एक मूठ. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्या आतले जग कसे दाखवायचे? चित्रकाराने चेहरा दाखवलाच नाही. जाळी दाखवली. तुरुंगाला असते तशी जाळी, आणि तिच्या पलीकडे आभाळ. आमच्या मते मुखपृष्ठाने संगीताचा मिजाज पकडल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पटहंसिकेच्या चित्रकाराने दोन विरोधी रंग शेजारी ठेवले होते. इथे आभाळाचा निळा आणि पोकळीचा काळा शेजारी आहेत. सुटका आणि कैद एकाच पुठ्ठ्यावर.

पण इथेही दरबार आडवा आलाच. चेहऱ्यांशिवाय रेकॉर्ड कशी विकायची, असा कंपनीचा आग्रह पडला. तेव्हा जाळीच्या काळ्या भोकांत चौघा वादकांचे चेहरे बारीक-बारीक बसवावे लागले. नगरच्या पानावर एक चेहरा नको म्हणून पुसला गेला, लंडनच्या पानावर चार चेहरे हवेत म्हणून घुसवले गेले. एकीकडे सत्तेचा राग, दुसरीकडे बाजाराची गरज. दोन्हीकडे कुंचला चित्रकाराच्या हातात होता आणि निर्णय दुसऱ्याचा.

टाउनशेंडचा 1972 चा एकट्याचा अल्बम ‘हू केम फर्स्ट’ हाही सांगण्याजोगा आहे. त्यात एक गाणे आहे, त्याचे नावच ‘परवरदिगार’. मेहेरबाबांनी दिलेल्या प्रार्थनेवर ते बेतलेले आहे. आमच्या आया-आज्या रात्री दिवा मालवताना जो शब्द पुटपुटायच्या तो शब्द नगरच्या माळावरून लंडनच्या स्टुडिओत गेला. आणि मुखपृष्ठावर काय आहे? पांढरा डगला आणि जाड बूट घातलेला टाउनशेंड शेकडो अंड्यांवर उभा आहे! आधी कोंबडी की आधी अंडे, या जुन्या कोड्यावरचा विनोद. प्रार्थनेच्या मिजाजाशी याचा काय संबंध, असे आम्हाला पहिल्यांदा वाटले आणि थोडा रागही आला. मग पुन्हा पाहिले. इतक्या नाजूक वस्तूंवर जाड बूट घालून उभा असलेला माणूस. जरा हलला की सगळे फुटणार. परवरदिगारापुढे उभे राहणे याहून वेगळे असते का? चित्रकाराच्या मनात हे होते असा आमचा दावा नाही. पण चांगले मुखपृष्ठ गाणे ऐकल्यावर बदलते, हे आम्ही त्यावरून शिकलो.

रंगांची वाटणी

कॅसेट आली आणि लाँग प्लेचे मैदान अंगणाएवढे झाले. तळहाताएवढ्या कागदावर ढगांची जाळी मावत नाही. तिथे चेहरा, नाव आणि एक ढोबळ खूण एवढेच बसते. शिवाय 1980 नंतर कॅसेट इतकी स्वस्त झाली की गल्लीतला कव्वाल, गावातला शाहीर, पंचक्रोशीतला भजनी बुवा यांचीही कॅसेट निघू लागली. हे फार चांगले झाले. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते त्यांचे आवाज टिकले.

पण एक गोष्ट हळूहळू झाली आणि ती आमच्या लक्षात उशिरा आली. शिर्डी आमच्याच जिल्ह्यातली. मशिदीत राहिलेल्या आणि त्या मशिदीला द्वारकामाई म्हणणाऱ्या साईबाबांवर भजने निघाली, कव्वाल्याही निघाल्या. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिर्डीच्या बाबांसमोर अकबर नावाचा कव्वाल गातो आणि आवाज मोहम्मद रफींचा असतो. त्या गाण्याने बाबांना खेडोपाडी नेले. पण शिर्डीच्या दुकानांत कॅसेटच्या रांगा बघताना आम्हाला दिसे की भजनाचे कव्हर भगवे, कव्वालीचे हिरवे. बाबांचे चित्र तेच, दगडावर पायावर पाय टाकून बसलेले. आतला भाव तोच, कधी कधी चालही एकाच सिनेमातली. फरक फक्त मागच्या रंगाचा. जो रंग निजामशाहीच्या पानावर ऋतू सांगत होता, प्रहर सांगत होता, तो आता गिऱ्हाइकाची जात सांगू लागला. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की हिंदोल डुलतो, हे ज्या मातीतल्या चित्रकाराला ठाऊक होते, त्याच मातीत भगव्याशेजारी हिरवा ठेवायला छापखानेवाला कचरू लागला.

कोणी हे ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. दुकानदाराला पटकन कॅसेट सापडावी, एवढाच हेतू असेल. पण लहानपणी उरुसात उभे राहून आम्ही कव्हरावरून मिजाज ओळखायचो. आमच्या मुलांनी कव्हरावरून माणूस ओळखायला सुरुवात केली. हा फरक छोटा नाही.

आणि पुसण्याचे कामही चालूच राहिले. आमच्या ओळखीतले एक वयस्कर ढोलकवादक होते. तीस वर्षे त्यांनी कव्वालांच्या मागे बसून ठेका धरला. एकदा त्यांच्या पार्टीची कॅसेट निघाली. फोटो काढताना सगळे ओळीने बसले होते. कव्हर छापून आले तेव्हा मुख्य कव्वालाचा चेहरा तेवढा होता आणि त्याच्या खांद्याशी एक हात दिसत होता. ‘तो हात माझा,’ असे ते हसत सांगत. कॅसेट शेवटपर्यंत त्यांनी पेटीत जपून ठेवली होती. त्यांच्या नातवंडांना आजोबांचा आवाज म्हणून दाखवायला तेवढाच हात आहे. खुंजा हुमायूनचा डाग आणि हा हात आम्हाला एकाच चित्राचे दोन तुकडे वाटतात.

शेवटी

आता कॅसेट गेली, सीडीही गेली. गाणे मोबाइलवर येते आणि मुखपृष्ठ नखाएवढे झाले. त्यावर बोट ठेवले की गाणे सुरू होते; बघत उभे राहण्याची गरज संपली. 2024 मध्ये आमच्या जिल्ह्याचे नावही सरकारी कागदावर बदलून अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे चौंडी हे जन्मगाव याच जिल्ह्यातले, त्यांच्याबद्दल आदर कोणाला नाही? पण मुखपृष्ठावरचे नाव बदलले म्हणजे आतली पाने बदलत नाहीत. दिल्लीच्या संग्रहालयात हिंदोल अजून झोपाळ्यावर बसला आहे. अरणगावच्या टेकडीवर चार धर्मांची चिन्हे एकाच छतावर आहेत. पुण्यातल्या त्या हस्तलिखितात राणीच्या जागचा डाग अजून आहे, आणि डाग आहे म्हणूनच तिथे कोणी बसले होते हे आपल्याला कळते.

वाचकांना आमची एकच विनंती. ईदच्या साफसफाईत जुन्या पेट्या निघतात, तेव्हा तुटक्या कॅसेटी आणि फाटकी कव्हरे आपण भंगारवाल्याला देऊन टाकतो. देण्याआधी एकदा पाहा. कव्हराच्या मागे मोकळी जागा असते. ज्यांची नावे छापली नाहीत, त्या ढोलकवाल्याचे, बेंजोवाल्याचे, मागे टाळ्या देणाऱ्यांचे नाव तुम्हाला ठाऊक असेल तर पेनाने लिहून ठेवा. निजामशाहीच्या चित्रकारांची नावे लिहायचे कोणाला सुचले नाही. निदान आपल्या हातून तरी ती चूक पुन्हा होऊ नये.